फायर अ‍ॅगेटची डावी बाजू

आमची ही गेली तेव्हा मागे आठ फायर अ‍ॅगेट राहिले. सात पुरे झालेले आणि एक अर्धा. पुरे झालेले सात महिन्याभरात वाटले गेले. दोन तिच्या बहिणींनी नेले, एक भाच्याने, बाकीचे तिच्या लॅबमधल्या मैत्रिणींनी. आठवा लाकडी काडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला होता आणि तिच्या टेबलावर तसाच पडून राहिला.

फायर अ‍ॅगेट हा अकीकाचाच एक प्रकार. बाहेरून बघितलात तर रस्त्यावर पडला असला तरी उचलणार नाही. तपकिरी, गाठीगाठींचा, मातीतून नुकत्या काढलेल्या बटाट्यासारखा. आत कागदाहून पातळ थर असतात, एकावर एक, आणि त्यातल्या काही थरांत रंग असतो. सोनेरी, नारिंगी, हिरवा, नशीब असेल तर जांभळा. हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक टोकाने, दगडाच्या चढउताराप्रमाणे जात, वरचा एकेक थर उतरवायचा आणि रंग दिसला की थांबायचं. वेळेवर थांबलात तर दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. एक थर पुढे गेलात तर रंग गेला, खाली राखाडी दगड. गेलेला थर परत लावता येत नाही. हिला एका दगडाला वर्ष लागायचं.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. सव्वीस वर्षं कवळ्या केल्या. हातात धरायचं ते बारकं मोटरचं यंत्र तिला लॅबमधूनच माहीत होतं, नुसतं दाताच्या जागी दगड आला. मी लिफ्टचा मेकॅनिक. माझं काम पाना, ग्रीस आणि शिव्या. तिच्या छंदाला मी ‘दगडांचे दात घासणं’ म्हणायचो.

“घासते तर घासते,” ती म्हणायची. “तुमच्यासारखी जन्मभर वर-खाली तर करत नाही.”

तिचं टेबल स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत होतं. त्या कोठीला खिडकी नाही. वाकवता येईल अशा दांडीवर एक बल्ब, वर पाण्याची बाटली टांगलेली, तिच्या नळीतून दगडावर थेंब थेंब पाणी. आम्ही ह्या घरात आलो तेव्हापासून मी तिला सांगत होतो की टेबल पुढच्या खोलीत खिडकीशी घे. डोळे फुटतील. मी तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो आहे. उजेड कमी असला की माणसाचं बोट जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती म्हणायची, “इथेच बरं आहे मला.” का बरं आहे, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटायचं, दार लावून घेता येतं म्हणून असेल.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती फार बोलायची नाही. एका दुपारी मात्र नीट जागी होती. म्हणाली, “अहो, त्या आठव्याचं दोन-तीन बैठकांचं काम राहिलंय. डावीकडचं फक्त. झाला की तो खारूचा.”

खारू म्हणजे आमची मुलगी. लहानपणी खारीसारखी खिशात खडे भरून आणायची, म्हणून खारू. आता तिला स्वतःची पोरं आहेत, पण नाव तेच राहिलं.

“तिला सांगू नका,” ही म्हणाली. “हातात देऊ एकदम.”

मी म्हटलं, बरं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी खारूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, “बाबा, आईचा तो अर्धा दगड आहे ना, तो कोणाला देऊ नका. आणि कोणाला त्याला हात लावू देऊ नका. आईने जिथे थांबवलाय तसाच मला पाहिजे.”

मी तिलाही म्हटलं, बरं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोघींना दोन वेगळ्या गोष्टी कबूल करून बसलोय. खारूला सांगायला हवं होतं की आई असं असं म्हणाली होती. पण ‘सांगू नका’ हेही आईच म्हणाली होती. शेवटी जी आता वाद घालायला येणार नव्हती, तिची बाजू मी घेतली. दगड पुरा करायचा. मीच करायचा.

शनिवारी सकाळी दगडवाल्यांचा एक गट जमतो. हार्डवेअरच्या दुकानावरची खोली आहे, सहा-सात टेबलं, प्रत्येकावर एक दिवा, कोपऱ्यात चहाची किटली. ही दर शनिवारी तिथे जायची. तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, धंद्यावरून मारतात. ही ‘दातवाल्या बाई’. गट चालवतात ते निवृत्त केमिस्ट, म्हणून ‘औषधवाले’. मी गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसलो तेव्हा औषधवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“या, लिफ्टवाले. बाईंचं सामान न्यायला आलात?”

“नाही. शिकायला आलोय.”

त्यांनी एक हलका दगड समोर ठेवला आणि म्हणाले, “हा वाया गेला तर कोणी रडणार नाही. करा.”

सहा महिने मी दगड वाया घालवले. पहिले दोन आरपार गेले. औषधवाले म्हणायचे, “अहो, गंजलेला बोल्ट सोडवताय का? टेकवा नुसतं. दगडाला कळू द्या की कोणीतरी आलंय.” बाकीचे हसायचे. मलाही हसू यायचं, पण हसल्यावर दमायला व्हायचं. तेव्हा सगळ्यानेच दमायला व्हायचं. जिना चढून, चहा गाळून, कोणी ‘कसं चाललंय’ विचारलं तरी. पाचव्या दगडात मसुराएवढी नारिंगी जागा आली. औषधवाल्यांनी दगड दिव्याखाली फिरवला आणि नुसती मान हलवली. मी तो खिशात घालून घरी आलो. घरी आल्यावर तो कोणाला दाखवायचा हा प्रश्न आला, म्हणून खिशातच राहू दिला.

मग खारूचा फोन आला की ती रविवारी येतेय, एकटीच, दोन दिवस. आईचं कपाट आवरायला. मला एकट्याला ते जमत नव्हतं आणि तिला ते माहीत होतं.

मी ठरवलं, ती यायच्या आत आठवा पुरा करायचा.

बुधवारी सकाळी कोठीतलं टेबल ओढून पुढच्या खोलीत खिडकीशी आणलं. तिच्या कोठीत बसून मला ते काम करवलं नसतं, हे एक. आणि माझे डोळे तिच्यासारखे नाहीत, मला भरपूर उजेड लागतो, हे दुसरं. बाटली पडद्याच्या दांडीला बांधली. बल्बची गरजच नव्हती. समोर सगळं आभाळ, पांढरंशुभ्र. बसलो तेव्हा मनात आलंसुद्धा, की बघ, इथे बसली असतीस तर काय बिघडलं असतं.

दगडाची उजवी बाजू तिने पुरी केलेली होती. डाव्या बाजूला अजून तपकिरी साल होती. मी सर्वांत बारीक टोक लावलं आणि सुरू केलं. हात हलका होता. खरंच हलका होता, तेवढं मी शिकलो होतो. थोडं घासायचं, पुसायचं, भिंग लावून बघायचं. तपकिरी. पुन्हा थोडं. तपकिरीच, जरा फिकट. उजवीकडेही फार काही चमकत नव्हतं, पण ते पॉलिश व्हायचंय म्हणून असेल असं मी धरून चाललो. बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन-तीन बैठका म्हणाली होती, तेव्हा आज येईल रंग, उद्या येईल. शुक्रवारी सकाळी फिकट तपकिरीच्या मधोमध एक राखाडी ठिपका आला. मला वाटलं हा वेगळा थर आहे, ह्याच्या कडेला हिरवा असणार. ठिपक्याच्या कडेकडेने गेलो. ठिपका करंगळीच्या नखाएवढा झाला. मग अंगठ्याच्या. तेव्हा यंत्र बंद केलं.

शनिवारी दगड रुमालात बांधून औषधवाल्यांकडे नेला.

त्यांनी तो टेबलावरच्या दिव्याखाली धरला आणि दगड पेटला. उजवी बाजू सगळी. हिरवा, त्यात लाल, आणि एका खळग्यात जांभळा, गाठीगाठीवरून ओघळल्यासारखा. मी तीन दिवस तो दगड हातात धरून बसलो होतो आणि ह्यातलं काही म्हणजे काहीच मला दिसलं नव्हतं. मग त्यांनी डावी बाजू फिरवली. तिथे काही पेटलं नाही. कडेला बारीक हिरवी रेघ राहिली होती, खाल्लेल्या ताटाच्या काठाला राहते तशी. बाकी राखाडी.

“कुठे बसून केलंत?” त्यांनी विचारलं.

“घरी. खिडकीशी.”

“दिवा?”

“दिवा कशाला? लख्ख उजेड होता.”

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. “अहो लिफ्टवाले, चोहीकडून उजेड आला की ह्याचा रंग दिसत नाही. एका जागेवरून यावा लागतो. बाई त्या अंधारात हौस म्हणून बसत नव्हत्या.” मग म्हणाले, “चूक माझी आहे. इथे सगळे दिव्याखालीच बसतात, त्यामुळे हे वेगळं सांगायचं असतं हे सुचलंच नाही. रंग तुमच्यासमोर आला होता. तुम्ही त्याच्यातून पार निघून गेलात.”

मी खुर्चीवर बसलो. कोणीतरी चहा आणून ठेवला.

औषधवाले उठले आणि कपाटातून एक डबी घेऊन आले. आत एक फायर अ‍ॅगेट होता, साधारण त्याच आकाराचा, पुरा झालेला. “हा घ्या. मुलीला द्या. तिने बाईंचा दगड नीट कधी पाहिलाय?”

“पाहिलाय. ती फसायची नाही.”

“मग जाऊ द्या. आहे तसाच द्या आणि काही बोलू नका.” त्यांनी आवाज खाली आणला. “बाईंचा हात शेवटी थरथरायला लागलाच होता. मुलीला वाटेल, आईकडून झालं. आईवर कोणी रागावतं का?”

ते माझ्या भल्यासाठी बोलत होते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दगड रुमालात बांधला आणि घरी आलो. टेबल परत कोठीत ढकललं.

रविवारी खारू आली. दारातच म्हणाली, “वाळलात किती.” मी म्हटलं, “तूही काही फुगलेली नाहीस.” दुपारी आम्ही कपाट उघडलं. ती घड्या करत होती, मी खोक्यात ठेवत होतो. लॅबचे दोन पांढरे कोट निघाले, खिशात अजून मेण घासायची पट्टी. ते खोक्यात जाईनात. खारूने ते परत हँगरला लावले आणि कपाट बंद केलं.

चहा झाल्यावर म्हणाली, “दगड द्या ना आता.”

मी आणून दिला. तिने फोनचा टॉर्च लावला. आईकडून शिकली असणार. आमच्या घरात दिव्याचं मला एकट्यालाच माहीत नव्हतं. उजवी बाजू पेटली तशी ती “आई गं” म्हणाली आणि कितीतरी वेळ दगड नुसता इकडेतिकडे फिरवत राहिली. मग डावीकडे आली.

बराच वेळ टॉर्च तिथेच होता.

“इथे हात सुटला तिचा,” ती म्हणाली.

मी कप उचलून मोरीत ठेवायला गेलो. मागून तिचा आवाज आला. “बघा ना बाबा. इतकं सुंदर करत आली आणि इथे बघा. काही दिसतच नसणार तिला. हातात जोर नसणार. आणि मला फोनवर म्हणायची, मजेत आहे, तू नको धावपळ करू. आणि मी नाही केली धावपळ.” ती रडायला लागली. “हे एवढं खरवडेपर्यंत बसलीय ती अशा अवस्थेत, आणि मी तिकडे पोरांच्या परीक्षा घेऊन बसले होते.”

मी मोरीशी उभा होतो. नळ सुरू होता. औषधवाल्यांनी सांगितलेलं सगळं आयतं समोर आलं होतं, मला तोंडही उघडायची गरज नव्हती. रागावली नव्हती ती. आईच्या हातावर माया करत होती. फक्त तो हात आईचा नव्हता. हिने सव्वीस वर्षांत एकही कवळी परत येऊ दिली नाही, आणि आता माझ्यामुळे तिच्या मुलीच्या मनात तिचा शेवटचा हात असा राहणार होता. आणि पोरगी जन्मभर स्वतःला बोल लावणार होती, तेही मी केलेल्या कामासाठी.

मी नळ बंद केला.

“खारू, तो हात तुझ्या आईचा नाही. माझा आहे.”

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. शनिवार, खिडकी, दिवा, राखाडी ठिपका. सांगताना ते फार वेळ चाललं असं वाटलं, पण दोन-चार मिनिटंच झाली असतील. तिचं रडणं थांबलं होतं.

“मी एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे,” ती म्हणाली.

“हो.”

“एकच, बाबा. सात दगड सगळ्यांनी नेले, मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं मला तो अर्धा पाहिजे.”

“तुझी आई म्हणाली होती पुरा करून तुला द्यायचा.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगू नका म्हणाली होती.”

“ती गेल्यावरसुद्धा?”

 

“तुम्ही ना,” ती म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. रात्रीचं जेवण तिने वाढलं, माझ्या ताटात जास्त वाढलं. भांडी तिनेच घासली आणि प्रत्येक भांडं आपटून ठेवलं. तिची आई अशीच करायची. आवाज ऐकत मी बाहेर बसून राहिलो. उठून जावंसं वाटत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

सकाळी ती बॅग भरून आली आणि दगड माझ्यापुढे धरला.

“तिचं कुठपर्यंत आहे?”

मी भिंग आणलं. तिचं काम ओळखू येतं. बारीक गोल गोल खुणा, गाठीच्या अंगाने फिरलेल्या. माझ्या खुणा सरळ आहेत, कानशीने लोखंड घासावं तशा. मी नखाने दाखवलं, इथून इथपर्यंत ती, इथून पुढे मी. मधे एक छोटी गाठ आहे, तिच्यावर दोन्ही खुणा आहेत. ती तिने सुरू केली होती. खारूने भिंगातून तिथेच जास्त वेळ पाहिलं. फोनवर फोटो काढला. मग दगड काडीसकट रुमालात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला.

“काडी तरी काढून देऊ का?”

“नको. तुम्ही आता कशालाच हात लावू नका.”

स्टँडवर सोडायला मी गेलो. बस सुटताना तिने खिडकीतून “गोळ्या घ्या वेळेवर” म्हटलं, दरवेळी म्हणते तसं. चेहरा मात्र दरवेळसारखा नव्हता.

पुढचे दोन रविवार फोन जावयाचा आला. ती कामात आहे म्हणाला. मी विचारलं नाही. ते दोन्ही शनिवार मी गटातही गेलो नाही. सकाळी शर्ट घालायचो आणि मग पुन्हा पलंगावर बसायचो.

तिसऱ्या रविवारी तिचा स्वतःचा आला. जेवलात का, पाणी येतं का, शेजारच्यांची मांजर अजून येते का. मग म्हणाली, “दगड पॉलिशला नेला होता. इथे एक सोनार आहे, तो करतो असले.”

“मग?”

“तो म्हणाला ही बाजू कापून टाकतो. उरलेला छान होईल, अंगठीत बसेल.”

“बरोबर आहे त्याचं,” मी म्हटलं. “निम्मा तरी शाबूत मिळेल तुला.”

“मी नको म्हटलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्हटलं आहे एवढा सगळा पॉलिश करा. तो म्हणतो, बाई, ह्या बाजूला पॉलिश करून काही निघणार नाही. कोणी खराब केली ही? मी म्हटलं, आमच्या वडिलांनी.” तिचा आवाज जरा हलला. हसली की काय, मला कळलं नाही. “तर तो मला म्हणतो, त्यांना द्यायला नको होता.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, दिला नव्हता. त्यांनी घेतला.” मग म्हणाली, “मी अजून रागावलेली आहे हां, बाबा.”

“माहीत आहे.”

“नाही, सांगून ठेवते. नाहीतर तुम्हाला वाटेल फोन केला म्हणजे संपलं.”

“नाही वाटणार.”

पलीकडे पोरांचं काहीतरी भांडण चाललं होतं. ती त्यांच्यावर ओरडली, मग पुन्हा फोनवर आली.

“ती मधली गाठ आहे ना,” ती म्हणाली, “दोघांच्या खुणा असलेली. ती कशी झालीय विचारा.”

“कशी झालीय?”

“आल्यावर बघा,” ती म्हणाली. “महिनाअखेरीस या. तिकीट मी काढते.”